नेट स्लो... दोषी कोण?

नेट स्लो झालं की हॉस्टेलवर आपण सगळ्यात आधी शिव्या कोणाला घालतो? अर्थात कंपनीला! मीही त्यातलाच. पण गेल्या सुट्टीत लालबागला काकांकडे गेलो आणि माझं मत जरा बदललं.

काकांचा प्लॅन २०० एमबीपीएसचा. दरमहा पैसे २०० चे, पण पीसीवर स्पीड काही केल्या ९४ च्या वर जाईना. "इंजिनिअर होतोयस ना? बघ मग," काका म्हणाले. आता इज्जतीचा सवाल!

राउटरपासून वायर चाचपत निघालो. टीव्हीच्या मागे धुळीने माखलेला, लॅमिंग्टन रोडवरून कधीकाळी आणलेला आठ पोर्टचा स्विच सापडला. त्यावर छापलेलं १०/१००. म्हणजे हा फास्ट इथरनेट, १९९५ चं स्टँडर्ड. प्रत्येक पोर्टला कमाल १०० एमबीपीएस.

मग आकडा १०० का नाही, ९४ च का? हिशोब सोपा आहे. प्रत्येक मोठी फ्रेम वायरवर १५३८ बाइट्सची जागा खाते आणि त्यात आपला खरा डेटा असतो १४५०-१४६०. बाकी सगळे पत्ते, तपासणी आणि दोन फ्रेम्समधलं अंतर. म्हणजे हाती उरतात ९४-९५ टक्के. स्पीड टेस्ट ९४ वर अडून बसली की समजावं, वाटेत कुठेतरी १०० ची लिंक आहे.

मग हा स्विच इतकी वर्षं कोणाला का नाही खुपला? २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँडची व्याख्याच होती २५६ केबीपीएस! १०० एमबीपीएस त्याच्या जवळपास ४०० पट. फायबर आलं, प्लॅन शंभरीपार गेले आणि अडथळा रस्त्यावरून घरात आला. दादरला दोन गाड्या एकदम रिकाम्या झाल्या की गर्दी जिन्यावर तुंबते ना, तसंच.

लगेच काकांच्या पैशाने गिगाबिट स्विच आणला. मोठ्या रुबाबात टेस्ट लावली... ९४!

काकांनी फक्त माझ्याकडे बघितलं.

शेवटी वायरचा प्लग नीट पाहिला. आठपैकी चारच तारा आत! वायर टाकणाऱ्याने उरलेल्या तारांतून फोनची लाइन काढली होती. १०० ला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. नाही मिळाल्या तर बरीच यंत्रं गुपचूप १०० वर उतरतात. नवी कॅट-५ई वायर टाकली, आकडा १९० च्या वर. काकूंनी चहा टाकला.

तेव्हा मंडळी, थोडक्यात सांगायचं तर :

प्लॅन १०० च्या आत असेल तर १०/१०० स्विचवर खापर फोडू नका. गेममध्ये पिंग वाढला तरी नाही. स्विचमुळे होणारा उशीर सहसा मायक्रोसेकंदांत असतो.

प्लॅन मोठा असेल तर आधी पीसीवर लिंक स्पीड बघा. १०० दिसला तर आधी वायर, मग स्विच. माझ्यासारखं उलटं करू नका!

आणि हॉस्टेलवाल्यांनो, मजल्यावरच्या स्विचला चोवीस मशीन असल्या तरी वर जाणारी वायर बहुधा एकच असते. तिच्यात सगळे वाटेकरी. रात्री अकराला नेट रडतं, तेव्हा दोषी शेजारच्या खोलीतला डाउनलोडही असू शकतो... किंवा तुमचाच!