चाळिशीनंतरचं एमएसडब्ल्यू: ऐकीव गोष्टी आणि खऱ्या गोष्टी

"एमएसडब्ल्यूला वयाची अट आहे का हो?" चाळिशी-पन्नाशीतलं कुणी समाजकार्याच्या या पदव्युत्तर पदवीची चौकशी करायला आलं, की पहिला प्रश्न हाच असतो. विचारताना आवाज थोडा खाली आलेला असतो. उत्तर मात्र सरळ आहे: प्रवेशाला वयाची वरची मर्यादा नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे, म्हणजे टिसचे, पदव्युत्तर प्रवेश 2024 पासून सीयूईटी-पीजी परीक्षेतून होतात. त्या परीक्षेला कमाल वय नाही. इग्नूच्या एमएसडब्ल्यूलाही नाही.

याच्याच जोडीनं येणारी दुसरी समजूत अशी, की बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदवी, केलेली नसेल तर एमएसडब्ल्यू करता येत नाही. येतं. कोणत्याही शाखेची पदवी चालते. बीकॉम होऊन वीस वर्षं पतपेढीत काढलेली बाई आणि काल-परवा मानसशास्त्र घेऊन बीए झालेला मुलगा एकाच बाकावर बसू शकतात. ज्यांची पदवीच लग्नामुळे किंवा नोकरीमुळे अर्धवट राहिली, त्यांच्यासाठी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहेच. तिथली पदवी पूर्ण करून पुढे आलेले लोक थोडेथोडके नाहीत.

खरं तर पहिला प्रश्न वेगळाच असायला हवा. फील्डवर्क कोणत्या दिवशी असतं, कुठे असतं आणि सुट्टी कोण देणार, हे कुणी विचारत नाही. वयामुळे शिक्षण सुटलेलं फारसं दिसत नाही. फील्डवर्कमुळे सुटलेलं पुष्कळ दिसतं.

"दूरस्थ घेतलं की घरबसल्या होईल"

होत नाही. समाजकार्याचं शिक्षण निम्मं वर्गाबाहेर होतं. नियमित महाविद्यालयात साधारणपणे आठवड्याचे दोन दिवस एखाद्या संस्थेत काम करावं लागतं; हेच फील्डवर्क. विद्यार्थी त्या संस्थेला 'एजन्सी' म्हणतात. ती रुग्णालय असेल, बालगृह असेल, वस्तीपातळीवरची संस्था असेल, नाहीतर शाळा असेल. त्याशिवाय ग्रामीण शिबिर असतं आणि बहुतेक ठिकाणी शेवटी सलग काही आठवडे पूर्णवेळ काम. इग्नूचं एमएसडब्ल्यू दूरस्थ पद्धतीचं आहे. किमान दोन आणि कमाल चार वर्षांत ते पूर्ण करता येतं. पण त्यातही क्षेत्रकार्य सक्तीचं आहे, त्याचे अहवाल लिहावे लागतात आणि त्याला गुण असतात. पुस्तकं घरी येतात. वस्तीत मात्र आपल्यालाच जावं लागतं.

म्हणून पूर्णवेळ नोकरी सांभाळून नियमित एमएसडब्ल्यू करू म्हणणाऱ्यानं आधी कॅलेंडर काढून बसावं. शनिवार-रविवारच्या भरवशावर राहू नये. रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आणि बालकल्याण समितीच्या बैठका आपल्या सवडीनं भरत नाहीत.

"मी वीस वर्षं हेच तर करतोय, मला काय शिकवणार?"

हा गैरसमज सगळ्यांत चिवट आहे. त्यातला अर्धा भाग खरा असल्यामुळे तो जायला वेळ लागतो. महिला मंडळ चालवलेली, गणेश मंडळामार्फत रक्तदान शिबिरं भरवलेली, सोसायटीतल्या भांडणांत मध्यस्थी केलेली माणसं या शिक्षणाकडे वळतात. लोकांशी बोलायचं कसं, अडल्या माणसाचं काम कुठे होतं, तहसील कार्यालयात कुठल्या टेबलाशी जायचं, हे त्यांना पंचविशीतल्या मुलांपेक्षा कितीतरी चांगलं कळतं. एजन्सीत पहिल्या दिवशी त्यांच्याकडे चहाही आधी येतो.

अडचण त्यानंतर सुरू होते. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला प्रत्येक भेटीची नोंद लिहावी लागते. तिला 'रेकॉर्डिंग' म्हणतात. समोरचा काय बोलला, आपण काय बोललो, त्या वेळी मनात काय आलं, हे सगळं त्यात यावं लागतं. मग सुपरवायझरबरोबर एकट्यानं बसून त्यावर चर्चा होते. तिला सगळे 'आयसी' म्हणतात. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याच्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगमध्ये हमखास येणारी वाक्यं ठरलेली असतात: "मी त्यांना समजावून सांगितलं." "मी त्यांना धीर दिला." "संसार टिकवण्याचं महत्त्व पटवून दिलं." सुपरवायझर पेन्सिलीनं त्याखाली रेघ मारते आणि विचारते, "त्या बाई काय म्हणाल्या ते कुठे आहे?" ते नसतं. अर्ध्या तासाच्या भेटीत पंचवीस मिनिटं आपणच बोललो, हे कागदावर पाहिल्यावर कळतं. वर ही सुपरवायझर वयानं आपल्या मुलीएवढी असू शकते.

चार अनुभवाच्या गोष्टी सांगणं घरात आणि मंडळात कौतुकाचं असतं. केसवर्कमध्ये, म्हणजे एकेका माणसाबरोबरच्या कामात, तीच सवय आड येते. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल पहिल्यांदा तोंड उघडणाऱ्या बाईला आपल्या नणंदेचं उदाहरण दिलं, की ती गप्प होते. आणखी एक गोष्ट म्हणजे गुप्तता. गावात किंवा वॉर्डात सगळ्यांना ओळखणाऱ्या कार्यकर्त्याला "अमक्याच्या घरी काय चाललंय" हे माहीत असणं भूषणाचं वाटतं. इथे मात्र ते बाहेर बोलणं ही चूक धरली जाते, आणि ती माफ होत नाही.

जुन्या अनुभवाच्या बळावर फील्डवर्कमधून सूट मिळेल, अशी आशा बऱ्याच जणांना असते. ती सोडून द्यावी. स्वतःच्याच संस्थेत फील्डवर्क करू देतील, असंही गृहीत धरू नये. जिथे आपण साहेब किंवा ताई आहोत, तिथे विद्यार्थी होणं अवघडच जातं. माझं मत विचाराल तर बाहेरच्या संस्थेत फील्डवर्क करण्याची अट योग्य आहे.

क्षेत्रातून शिक्षणाकडे येण्याची वाट या विषयाला नवी नाही. 1936 मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. तेच पुढे टिस झालं. ते उभं करणारे क्लिफर्ड मॅनशार्ट त्याआधी काही वर्षं नागपाड्याच्या वस्तीत काम करत होते. त्याही आधी, 1909 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनात प्रौढ स्त्रिया, त्यांत विधवाही, अक्षरओळखीपासून परिचारिकेच्या प्रशिक्षणापर्यंत शिकत होत्या. तेव्हा त्यांना "या वयात?" हा प्रश्न आजच्यापेक्षा जास्त बोचरेपणानं विचारला जात असणार.

"या वयात नोकरी कोण देणार?"

इथे गोड बोलून उपयोग नाही, कारण वयाची अट खरोखर इथेच आहे. राज्य शासनाच्या सरळसेवा भरतीत खुल्या प्रवर्गासाठी सर्वसाधारण कमाल वय 38 आणि मागासवर्गीयांसाठी 43 आहे. सरकारी रुग्णालयातलं समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) हे पद एमएसडब्ल्यूवाल्यांच्या डोळ्यांसमोर असतं. पण पंचेचाळिसाव्या वर्षी पदवी हातात आली, तर ती वाट बहुधा बंद झालेली असते. हे प्रवेश घेण्याआधीच कळलेलं बरं.

मनोरुग्णांबरोबर काम करायची इच्छा असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 नुसार मानसोपचार क्षेत्रातला सामाजिक कार्यकर्ता म्हणवून घ्यायला एमएसडब्ल्यूनंतर त्याच क्षेत्रातलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल लागतं. नुसत्या एमएसडब्ल्यूवर ते बिरुद लावता येत नाही.

पण उलट बाजूही आहे, आणि तिची माहिती फार थोड्यांना असते. बालन्याय कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. तिच्यात अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. 2021 च्या दुरुस्तीनंतर सदस्यत्वासाठी ठरावीक विषयांतली पदवी लागते. त्या विषयांच्या यादीत समाजकार्य आहे. शिवाय बालकांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव पाहिला जातो. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांत तर वयाची खालची मर्यादा घातलेली आहे: सदस्य पस्तिशीच्या वरचा हवा. म्हणजे या ठिकाणी तेवीस वर्षांच्या सुवर्णपदकविजेत्याला थांबावं लागतं, आणि अंगणवाडीत किंवा बालगृहात वर्षं घालवून मग पदवी घेतलेल्या बाईचा अर्ज पात्र ठरतो. ही नेमणूक मुदतीची असते. कायमची नोकरी समजून तिच्याकडे जाऊ नये.

स्वयंसेवी संस्थांत वयाची अट सहसा नसते. पगार मात्र बेताचे असतात. पोलिसांच्या महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षात (टिसनं 1984 मध्ये मुंबईत सुरू केलेला हा प्रयोग पुढे राज्यभर गेला), समुपदेशन केंद्रांत, वृद्धांसाठी काम करणाऱ्या संस्थांत पिकलेल्या केसांचा फायदाच होतो. सत्तरीचे आजोबा आपल्या मुलाबद्दलची तक्रार पंचविशीच्या मुलापेक्षा पन्नाशीच्या माणसाकडे लवकर करतात.

आणखी एक भ्रम: समाजकार्य करायला वकिलासारखी सनद घ्यावी लागते. सगळ्याच समाजकार्यकर्त्यांसाठी तशी वैधानिक परिषद भारतात अजून नाही. त्यामुळे नोंदणी-परवान्याची सरसकट भीती नको. "आमच्या सहा महिन्यांच्या कोर्सनंतर लायसन्स मिळेल" असं सांगणाऱ्या जाहिरातींपासून मात्र सावध राहावं.

वर्ग, भाषा आणि कागद

वर्गात पोरं हसतील ही भीती दोन आठवड्यांत जाते. त्यानंतर पोरं नोट्स मागायला येतात आणि बदल्यात पीपीटी करून देतात. इंग्रजीची धास्ती मात्र साधार आहे. टिसमध्ये शिकवणं आणि लिहिणं इंग्रजीत चालतं. राज्यातल्या अनेक समाजकार्य महाविद्यालयांत मराठीत उत्तरपत्रिका लिहिता येते. तरी संदर्भपुस्तकं बरीचशी इंग्रजीच असतात. ती हळूहळू वाचायची तयारी ठेवावी.

सगळ्यांत जास्त दमछाक कागदांची होते. बायकांची तर दुप्पट. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि पदवीच्या प्रमाणपत्रावर आईचं नाव चुकलेलं. नाव बदलल्याचं राजपत्र किंवा विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावं. मधल्या वर्षांत काय केलं याचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे गॅप सर्टिफिकेट, बहुतेक ठिकाणी मागतात. "घर सांभाळत होते" हे त्यात लिहिलेलं चालतं. उगाच नोकरीचे दाखले जमवत बसू नये. विद्यापीठ बदलणार असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. जुन्या विद्यापीठातून ते मिळायला वेळ जातो, म्हणून आधी तेच मागवावं. सीयूईटीचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास निघतात, राज्यातल्या महाविद्यालयांचे प्रवेश जून-जुलैत होतात. अर्ज भरायच्या आधी महाविद्यालयात प्रत्यक्ष जाऊन दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठावं आणि फील्डवर्कचे वार विचारून घ्यावेत. तो जे सांगेल ते माहितीपत्रकात छापलेलं नसतं.