रस्ता रुंद झाला. माणसे कोठे गेली?

शहर सुधारावयाचे म्हणजे जुने पाडावयाचे व रस्ता सरळ करावयाचा, ही समजूत आपल्या सुशिक्षित वर्गात इतकी रुजली आहे की, पाडलेल्या घरांतील माणसे त्या रात्री कोठे निजली असे विचारणारा प्रगतीचा शत्रू ठरतो. हाच प्रश्न पॅट्रिक गेडिस यांनी शंभर वर्षांपूर्वी या देशात विचारला होता.

गेडिस मूळचे स्कॉटलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ. १९१४ साली ते नगररचनेचे प्रदर्शन घेऊन येथे आले (त्याचे साहित्य ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने वाटेतच बुडविले होते!) आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. मधल्या काळात मदुरा, तंजावर, लाहोर अशी कितीतरी गावे त्यांनी बोळाबोळांतून पायी हिंडून पाहिली. दाट वस्तीतून रुंद रस्ता काढला की उठविलेला मजूर कामापासून दूर जाऊ शकत नाही. तो शेजारच्या आळीत दाटी करतो, तेथील भाडे चढते आणि रोगही त्याच्याबरोबर तेथे जातो, हे त्यांनी दाखवून दिले. मोडकळीस आलेली तेवढी घरे काढावी, मोकळ्या जागी झाडे लावावी, बाकीची वस्ती जागच्या जागी राखावी, हा त्यांचा उपाय. तो स्वस्तही होता.

प्लेगने पछाडलेल्या इंदुरात त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढविली. ज्या रस्त्यांवरील घरे अधिक स्वच्छ, त्या रस्त्यांनी ती जावयाची. आणि तीत शहराचे झाडूवाले शुभ्र वस्त्रांत, हार घालून चालले, असे चरित्रकार सांगतात. जुन्या आळीचे कौतुक करताना ती जातीच्या भिंतींवर उभी आहे याकडे मात्र गेडिस यांनी पुरेसे पाहिले नाही, असे आम्हांस वाटते.

आणि मुंबई? प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सुधारणा ट्रस्टने आरंभीच्या काळात खोल्या पाडल्या अधिक व बांधल्या कमी. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईतील सुमारे ४१ टक्के लोक झोपडपट्टीत आढळले. २०१७ मध्ये तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या उठल्या, तेव्हा अनेक कुटुंबांना तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारच्या माहुल येथे घरे देण्यात आली. तेथील हवा आरोग्यास घातक असल्याचे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्येच नमूद केले होते.