जामीन राहणारी गाईड

क्योतोच्या गिओन भागात अशी चहागृहं आहेत, जिथे खिशात कितीही येन असले तरी दार उघडत नाही. कुणाच्या ओळखीशिवाय पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्याला नम्रपणे परत पाठवायचं, हा तिथला जुना रिवाज. यात शिष्टपणा कमी आणि व्यवहार जास्त आहे. जेवणाचं, गेइकोंच्या (क्योतोतल्या गेइशांच्या) नाचगाण्याचं बिल तिथे जागेवर चुकतं करत नाहीत, ते मागाहून येतं. पाहुण्यानं पैसे बुडवले किंवा गोंधळ घातला, तर बोट जातं त्याला घेऊन आलेल्या माणसाकडे. आत नेणारा जामीन राहतो. महागड्या सहलींच्या माहितीपत्रकांत ‘खास अनुभव’ म्हणून जे छापलेलं असतं, त्यामागे बहुतेक वेळा कुणीतरी वर्षानुवर्षं राखलेली पत असते. ती पत हळूहळू वापरणारी एक बाई मला जवळून बघायला मिळाली.

पुण्याचे ओळखीचे काका-काकू जपानला निघाले होते, त्यांच्या सोबतीला मी. गाईड क्योतोचीच, साठीच्या आसपासची, गळ्यात सरकारी नोंदणीचं कार्ड. परक्या भाषेत गाईडचं काम करणाऱ्यांसाठी जपाननं १९४९ साली कायदा केला. परीक्षेत भाषेबरोबर देशाचा भूगोल, इतिहास, सामान्यज्ञान आणि वर तोंडी परीक्षा. २०१८ पासून परवान्याविनाही हे काम पैसे घेऊन करता येतं, पण सरकारमान्य दुभाषी गाईड म्हणवून घ्यायचं तर परीक्षा पास व्हावीच लागते.

तिचं खरं कसब मला कुठल्या देवळात नाही, फोनवर दिसलं. काकू शाकाहारी. जपानमध्ये एवढं सांगून भागत नाही. मिसो सूप, शिजवलेली भाजी, सोबाचं सार या सगळ्याखाली दाशी, म्हणजे चवीचं मूळ पाणी, असते, आणि ती बहुधा कात्सुओबुशीची: बोनितो मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवायचा आणि त्याचा कीस पाण्यात उतरवायचा. ताटात माशाचा तुकडा नसतो, त्यामुळे वाढणाऱ्याच्या मनातही येत नाही की यात मासा आहे. मोबाईलवरचं भाषांतर ‘शाकाहारी आहे का’ एवढंच विचारतं आणि ‘हो’ असं प्रामाणिक उत्तर मिळवतं.

बाईंनी हॉटेलच्या लॉबीत बसून पुढच्या मुक्कामाच्या पारंपरिक जपानी सराईला, म्हणजे र्‍योकानला फोन लावला. जपानी मला कळत नव्हतं, पण ‘दाशी’ पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. मध्येच त्या काकूंकडे वळून इंग्रजीत विचारायच्या: अंडं? कांदा-लसूण? तळणाचं तेल वेगळं हवं? आणि परत फोनकडे. शेवटी ठरलं ते असं: सार कोंबू या समुद्री शेवाळाचं आणि वाळवलेल्या शिताके अळंबीचं, अंड्याच्या चवानमुशीऐवजी तोफूचा एक पदार्थ. दुपारी मात्र देवळातलं शोजिन जेवण घ्यायचं, कारण तिथे मांस-मासळीबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य. काकू खूश. काका म्हणाले, “एक वाटी वरण करतील का, विचारा की.” बाई हसल्या. “ते मी विचारणार नाही.” स्वयंपाक्यानं जेवणाचा क्रम आधीच बांधलेला असतो, त्याला नाही म्हणणं जड जाईल आणि केलं तरी ते धड होणार नाही. मला हा नकार फार आवडला. पाहुण्याची प्रत्येक हौस पलीकडे पोचवणारा दुभाषी स्वस्तच म्हणायचा.

र्‍योकानमध्ये मालकीणबाई, म्हणजे ओकामी, दाराशी वाकून उभ्या होत्या. युकाता हा सुती किमोनो नेसताना डावा पदर वर घ्यायचा, उजवा वर येतो तो मृताच्या अंगावर, हे बाईंनी हाताच्या एका खुणेनं सांगितलं. काकांनी खोलीतल्या सेविकेला द्यायला नोट बाहेर काढली, तर बाईंनी पर्समधून पांढरं पाकीट पुढे केलं. उघडी नोट हातात ठेवायची नसते. द्यायचंच असेल तर पाकिटात.

सान्जुसान्गेन्दो या देवळात फोटो काढू देत नाहीत. १२६६ साली पुन्हा बांधलेलं, सुमारे १२० मीटर लांब लाकडी सभागृह आणि आत करुणेची देवता कान्नोनच्या १००१ मूर्ती. बाई त्या रांगांसमोरून जवळजवळ गप्प चालल्या. पुढच्या ओळीत २८ रक्षकदेवता आहेत. त्यांतल्या एका चोचवाल्या, बासरी वाजवणाऱ्या मूर्तीपाशी त्या थांबल्या. “हे तुमच्याकडून आलेले. गरुड.” काकूंचे हात आपोआप जुळले. मग ब्रह्मदेव, इंद्र. युरोपातले पाहुणे असले की त्या लाकडाच्या सांध्यांवर बोलतात म्हणे. कुणाला काय सांगायचं याहून काय गाळायचं, ते शिकायला त्यांना जास्त वेळ लागला असणार.

काकांचे गुडघे दुखतात. चहाच्या समारंभासाठी बाईंनी टेबल-खुर्चीची पद्धत मागून घेतली होती. मला वाटलं, ही पर्यटकांसाठी केलेली तडजोड. तसं ते खरंही होतं, फक्त तडजोड दीडशे वर्षांची निघाली. राजधानी तोक्योला गेल्यावर क्योतोनं १८७२ साली प्रदर्शन भरवलं, तेव्हा परदेशी पाहुण्यांसाठी उरासेन्के या चहाच्या घराण्याच्या गेन्गेन्साई यांनी ती घडवली. हे ऐकल्यावर काका खुर्चीत जरा ताठ बसले.

संध्याकाळी गिओनमध्ये एक माइको, म्हणजे शिकाऊ गेइको, लगबगीनं समोरून आली. काकांचा फोन वर गेला, आणि बाई अगदी सहज मध्ये येऊन उभ्या राहिल्या. “ती कामावर निघाली आहे.” तिथल्या खासगी गल्ल्यांत २०२४ पासून पर्यटकांना मज्जाव आहे, शिरलं तर १०,००० येन दंड. काका थोडे रुसले. पैसे मोजून आणलेली गाईड आपल्याला अडवते, हे पचायला वेळ लागतो. पण त्या गल्लीतल्या लोकांना बाईंना उद्याही तोंड दाखवायचं असतं, आणि त्या तोंडाच्या भरवशावरच आमच्यासाठी दोन-चार दारं उघडली होती.

निघायच्या सकाळी मोठ्या बॅगा कुरिअरनं कानाझावाला पुढे पाठवायच्या होत्या. तिथे त्या दुसऱ्या दिवशी पोचणार. त्याच्या पावत्या भरून झाल्यावर बाईंनी तिथल्या गाईडसाठी जपानीत एक चिठ्ठी लिहिली. काय लिहिलंय ते काकूंनी विचारलं. त्यांनी वाचून दाखवलं: दाशी कोंबूची, जिने टाळा, देवळात मूर्ती ओळखीच्या वाटल्या तर थांबू द्या, साहेबांनी फोन काढला की शेजारी उभ्या राहा. सगळ्यात मोठ्यानं काकाच हसले.