इंग्रजीतील परिमाणवाचक निर्धारक आणि मराठी भाषक विद्यार्थी

प्रस्तावना :
महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी हा विषय इयत्ता पहिलीपासून शिकविला जातो. तथापि रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात मराठी माध्यमातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनात काही चुका पुनःपुन्हा आढळतात. नामापूर्वी येऊन ते कोणते अथवा किती हे ठरविणाऱ्या शब्दांना निर्धारक म्हणतात. त्यांपैकी परिमाण दर्शविणाऱ्या शब्दांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. या चुकांचे मूळ निष्काळजीपणात नसून दोन भाषांच्या रचनाभेदात आहे.

गणनीय व अगणनीय नामे :
मराठीत आपण 'थोडे आंबे' म्हणतो आणि 'थोडे पाणी'ही म्हणतो. पहिले पुल्लिंगी अनेकवचन, तर दुसरे नपुंसकलिंगी एकवचन. परंतु विशेषणाचे रूप एकच. 'पुष्कळ' हा शब्द तर सर्वत्र अविकारी राहतो. इंग्रजीत मात्र आंब्यांसाठी 'मेनी' व 'फ्यू', पाण्यासाठी 'मच' व 'लिट्ल' अशी विभागणी अनिवार्य आहे. 'अ लॉट ऑफ' मात्र 'पुष्कळ'प्रमाणे दोहोंकडे चालते.

नाम गणनीय आहे की नाही, हे मराठीवरून ठरविता येत नाही. आपण 'तांदूळ धुतले', 'केस कापले' असे अनेकवचन वापरतो. 'एक सल्ला', 'दोन बातम्या' असे मोजतो. इंग्रजीत 'राइस', 'हेअर', 'अ‍ॅडव्हाइस', 'न्यूज' ही नामे सामान्यतः अगणनीय आहेत. म्हणून 'मेनी राइस' किंवा 'अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस' ही रचना अशुद्ध ठरते. मोजणी आवश्यक असल्यास 'अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस' असे म्हणावे लागते.

एका अक्षराने होणारा अर्थभेद :
मराठीत उपपद नसल्यामुळे विद्यार्थी 'अ' सहज गाळतो. अन्यत्र ही चूक केवळ व्याकरणाची ठरते. येथे मात्र अर्थच उलटतो. कलमे बांधण्याचे काम केलेला एखादा तरुण नोकरीच्या अर्जात 'आय हॅव लिट्ल एक्सपीरियन्स' असे लिहितो. आपणास थोडाफार अनुभव आहे, असे त्यास सांगावयाचे असते. वाचणारा मात्र 'मला फारसा अनुभव नाही' असा अर्थ घेतो. 'अ लिट्ल' लिहिले असते तर अर्ज त्याच्या बाजूने बोलला असता. 'फ्यू' व 'अ फ्यू' यांचा भेदही असाच आहे.

हा भेद मराठीस अपरिचित नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. 'थोडेफार आहे' यात होकार आहे, 'फारसे नाही' यात नकार. पहिल्यासाठी 'अ' घ्यावा, दुसऱ्यासाठी गाळावा. मराठी नकार क्रियापदातून व्यक्त करते, इंग्रजी तो निर्धारकातच सामावते.

'काही' या शब्दाचे दोन पर्याय :
'काही पैसे आहेत' व 'काही पैसे नाहीत' या दोन्ही वाक्यांत मराठी 'काही' कायम राहते. इंग्रजीत होकारार्थी विधानात 'सम', तर नकारार्थी विधानात व सामान्य प्रश्नात 'एनी' येते. विनंती करताना वा काही देऊ करताना मात्र प्रश्नातही 'सम' योग्य ठरते.

निष्कर्ष :
केवळ नियमांचे पाठांतर करवून या चुका दूर होणार नाहीत. अध्यापकाने 'थोडेफार' व 'फारसे नाही' अशा मराठी जोड्यांपासून प्रारंभ करावा आणि प्रत्येक नवे नाम त्याच्या निर्धारकासह शिकवावे. मातृभाषेची जाण ही येथे अडसर नसून साधन ठरते.