नंदुरबारचे मांडव : वेलांच्या आधाराचा मागोवा

नंदुरबार जिल्ह्यात वेलाला आधार देण्याचे तीन प्रकार दिसतात. आधी झाड, छप्पर आणि कुंपण यांचा आयता आधार होता. त्याच्या जोडीला बांबूचा मांडव होता, आणि पुढे तारेचा मंडप व नायलॉनची जाळी आली. नवे आले म्हणून जुने गेले, असे मात्र झाले नाही. धडगावच्या डोंगरात गिलक्याचा वेल अजून छपरावर चढतो आणि शहाद्याच्या मळ्यात त्याच हंगामात कारले तारेवर लोंबते. कोणता आधार कुठे टिकला हे ठरवण्यात कारागिरीपेक्षा एका साध्या गोष्टीचा वाटा मोठा आहे, ती म्हणजे बांबू कोणाच्या हाताला लागतो.

हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. दक्षिणेकडे तापीकाठची काळी जमीन, उत्तरेकडे नर्मदेपर्यंत सातपुडा आणि नैर्ऋत्येला नवापूरचा जास्त पावसाचा पट्टा अशी त्याची मांडणी आहे. मळ्यातला वेल आणि पाड्यावरचा वेल यांच्या गरजा त्यामुळे पहिल्यापासून निराळ्या राहिल्या.

डोंगरात घरे एकमेकांना खेटून नसतात. प्रत्येक घर आपापल्या शेतात असते आणि अशा विखुरलेल्या घरांचा पाडा होतो. भिल्ल आणि पावरा कुटुंबांच्या घरांच्या भिंती म्हणजे बांबूचा विणलेला, शेणमातीने लिंपलेला कूड. पहिला पाऊस पडला की घरामागे, जिथे शेणखत आणि सांडपाणी पडते तिथे, गिलके, दोडके, दुधी आणि डांगर यांचे बी टोचायचे. वेल कुडाला धरून वर जातो आणि श्रावणापर्यंत छप्पर झाकून टाकतो. डांगर आणि दुधी यांना हा आधार उत्तम, कारण फळाचे वजन छपरावर टेकते आणि देठावर ताण येत नाही. दोडक्याला तो तितकासा मानवत नाही. त्याचे फळ लोंबले तरच सरळ वाढते. छपरावर पडून राहिले तर वाकते आणि टेकलेल्या बाजूने पिवळे पडते. शिवाय दाट पानांखाली गवताचे छप्पर ओले राहून लवकर कुजते.

शेतातला आधार त्याहून हुशारीचा आहे. मका किंवा ज्वारीच्या पेऱ्यात चवळी आणि वाल मिसळून पेरण्याची रीत सातपुड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. गावठी वाल दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलावर येतो. तोवर मक्याचे कणीस भरलेले असते, आणि नंतर उभे राहिलेले वाळके ताट वालाची काठी होते. एका पिकाचे धाटच दुसऱ्याचा आधार, त्यामुळे वेगळा खर्च नाही. हे साधते ते त्या त्या वाणाच्या उंचीमुळे. बुटक्या संकरित मक्यावर वाल चढवला तर तो ताट लोळवतो. धडगाव तालुक्यातील हरणखुरी येथील याहामोगी माता बीज संवर्धन समितीने बाएफ संस्थेच्या साह्याने मका आणि ज्वारीचे स्थानिक वाण जपण्याचे काम हाती घेतले. उंच धाटाचा असा वाण टिकतो तेव्हा त्यावर चढणाऱ्या वालाची सोयही टिकते, हे या कामाचे कमी बोलले गेलेले मोल आहे.

घराजवळचा खरा मांडव बांबूचा. सातपुड्यात त्यासाठी दोन जाती वापरात राहिल्या. मानवेल बारीक आणि जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे वजन पेलतो. काटस म्हणजे कळक. तो जाड, पोकळ आणि काटेरी. चिरून कामट्या काढायला चांगला. मांडवाच्या आडव्या काठ्यांना मानवेल आणि वरच्या जाळीला काटसाच्या कामट्या, ही वाटणी अनुभवातून ठरलेली आहे. उभ्या मेढी मात्र बांबूच्या नसाव्यात. जमिनीत गाडलेला बांबू एक-दोन पावसाळ्यांत वाळवी खाते, म्हणून मेढींना साग, खैर किंवा खानदेशात भरपूर आढळणारा अंजन. अंजनाचे लाकूड इतके कठीण आणि जड की वाळवीला ते सहजी दाद देत नाही.

बांधणी अशी. वर दुबेळके असलेल्या चार किंवा सहा मेढी दोन फूट खोल गाडायच्या आणि भोवती दगड-मुरूम ठोकून भरायचा. नुसती माती भरली तर पहिल्याच झडीत मेढ कलते. दुबेळक्यांत आडवे मानवेल ठेवायचे आणि त्यांवर एकेक वीत अंतराने कामट्यांची जाळी बांधायची. कामटीची हिरवी, गुळगुळीत पाठ वर ठेवली की पाणी निथळून जाते. पोटाची बाजू वर राहिली तर ती पाणी पिते आणि काळी पडते. बांधायला पूर्वी पळसाच्या मुळांचा वाख किंवा अंजनाची साल असे. ओल्या सालीची बांधणी वाळताना आवळत जाते, म्हणून खिळ्याची गरज पडत नाही. उंची साधारण सहा ते साडेसहा फूट, म्हणजे खाली उभ्या राहिलेल्या बाईचा हात फळापर्यंत पोचावा इतकी. भाजी तोडण्याचे काम बहुतेक घरांत बायकांकडे असते. नवखे लोक आठ फुटांचा मांडव घालतात, मग वरची फळे निबर होईपर्यंत तशीच राहतात.

बांबू केव्हा तोडावा याचे नियम मांडवाच्या आयुष्याशी जोडलेले आहेत. पावसाळ्यात बेटाला नवे कोंब फुटतात, तेव्हा तोड करायची नाही. पाऊस संपल्यावर, थंडीत, तीन वर्षे पुरी झालेली काठी निवडायची. कोवळ्या काठीवर पांढरी भुकटी आणि पेरांवर खपल्या दिसतात. पक्की काठी निबर दिसते आणि ठोकल्यावर खणखणते. बांबूच्या अंगात पिष्ट असते आणि काठी पोखरणारा भुंगेरा त्यासाठीच येतो. तोडलेल्या काठ्या काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवल्या की हे पिष्ट बरेचसे निघून जाते. आता त्यासाठी बोरिक आम्ल आणि बोरॅक्सचे द्रावणही वापरतात. धुराने काळवंडलेली चुलीवरची काठी जास्त टिकते, हेही घरोघरी ठाऊक असलेले शहाणपण आहे.

या मांडवाची घडी विस्कटली ती बांबू दुर्मिळ झाल्यामुळे नव्हे, तर त्याच्यापर्यंतची वाट अडल्यामुळे. १९२७च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडात होती. त्यामुळे जंगलातली काठी घरच्या मांडवासाठी आणतानाही वनखात्याच्या परवानगीचा प्रश्न उभा राही आणि स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेतानाही तसाच. वाट अडण्याचे दुसरे कारण धरणे. १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणाच्या फुगवट्याने नवापूर आणि नंदुरबार भागातील गावे हलली. पुढे सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतील ३३ गावे बाधित ठरली आणि १९९०च्या दशकात त्यांतील अनेक कुटुंबे तळोदा व शहादा तालुक्यांतील वसाहतींत आली. डोंगरात मांडवाची काठी हाकेच्या अंतरावर होती. सपाटीवरच्या आखीव प्लॉटावर ती विकत घ्यावी लागली. विस्थापनाच्या हिशेबात जमीन, झाडे आणि घर यांची मोजदाद होते. परसातला मांडव आणि त्यासाठीचा हक्काचा बांबू त्या हिशेबात कधी धरला गेला नाही, आणि ही उणीव लहान मानण्याचे कारण नाही. बारमाही नसली तरी चार-पाच महिन्यांची भाजी त्यावर अवलंबून होती.

कायद्याची बाजू नंतर बदलली. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबूचा समावेश गौण वनउपजात केला आणि २०१७च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला. परसात किंवा बांधावर मानवेलाचे एखादे बेट लावणे तेव्हापासून पुन्हा शहाणपणाचे झाले आहे. नवापूर भागात टोपल्या, सुपे आणि तट्टे विणणाऱ्या कोटवालिया समाजाचाही या बदलाशी थेट संबंध आहे. मांडवाच्या कामट्या सफाईने काढणारे हात त्यांच्याकडे आहेत.

तापीकाठी गोष्ट वेगळी घडली. ऊस, केळी, पपई, मिरची आणि कापूस या पिकांच्या पट्ट्यात वेलवर्गीय भाज्या बाजारासाठी घेतल्या जाऊ लागल्या, तेव्हा चार मेढींचा मांडव अपुरा पडला. द्राक्षबागांमुळे नाशिककडे तारेचा मंडप लोकांच्या परिचयाचा होताच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने कारल्याचे ‘हिरकणी’ व ‘फुले ग्रीन गोल्ड’ आणि दोडक्याचा ‘फुले सुचेता’ असे वाण दिले. अशी लांब फळे सरळ आणि डागाविना बाजारात न्यायची तर ती हवेत लोंबणे भाग होते.

तारेच्या मंडपासाठी साधारणपणे दहा फूट लांब आणि चार इंच जाड डांब शेताच्या चारही कडांना पाच-पाच मीटरवर गाडतात. बुडाला डांबर लावलेले असते. कडेचे डांब सरळ न ठेवता बाहेरच्या अंगाला झुकवतात आणि प्रत्येकाला ताण देतात. म्हणजे दहा गेजची तार मोठ्या दगडाला बांधून तो दगड दोन फूट खोल पुरतात. जमिनीपासून साडेसहा फुटांवर जाड तार चौफेर ओढून आत सोळा गेजच्या तारेचे दोन-दोन फुटांचे चौकोन पाडतात. सोळा गेजची तार साधारण १.६ मिलिमीटर जाड असते, पण वजन चौकोनांत वाटले जात असल्यामुळे ती पुरते. मंडप पडतो तो बहुधा तार तुटून नव्हे, ताण सुटून. पानांनी भरलेला मंडप वारा अडवतो, आणि ओल्या जमिनीत एका कोपऱ्यातला दगड उपटला की सगळा मंडप त्या बाजूला झुकतो. म्हणूनच तारेवर पैसे वाचवावेत, ताणावर वाचवू नयेत.

वेल सुतळीने वर चढवतात. मंडपाला पोचेपर्यंत बगलफूट काढत राहतात आणि वर गेल्यावर शेंडा खुडून दोन-तीन फांद्या पसरू देतात. बगलफूट काढायचा कंटाळा केला तर वेल कमरेइतक्या उंचीवरच गुंता करतो आणि मंडपाचा खर्च वाया जातो. ज्यांना एवढे भांडवल घालायचे नसते ते ताटी करतात. एका ओळीत बांबू रोवून तीन-चार तारा आडव्या ओढायच्या आणि ओळ दक्षिणोत्तर ठेवायची, म्हणजे सकाळ-संध्याकाळ दोन्ही अंगांना ऊन मिळते. टोमॅटोसाठी उभा केलेला बांबू-तारेचा सांगाडा पुढे कारल्याला किंवा काकडीला वापरण्याची पद्धतही या ताटीच्याच जवळची आहे.

आधार निवडताना वेल चढतो कसा, हे पाहावे लागते. चार्ल्स डार्विनने १८६५ साली चढणाऱ्या वनस्पतींवरील निबंधात अंग पिळत चढणारे, तणाव्यांनी धरणारे, आकड्यांनी अडकणारे आणि मुळांनी चिकटणारे असे भेद मांडले. परसात हेच भेद कामाला येतात. वाल, चवळी आणि गोकर्ण अंग पिळत चढतात. त्यांना उभी, खरखरीत काठी हवी. गुळगुळीत तारेवरून ते घसरतात. कारले, दोडके, गिलके, दुधी आणि काकडी तणाव्यांनी धरतात. त्यांना बोटापेक्षा बारीक आधार लागतो. जाड मेढीला तणावा वेढा घालू शकत नाही. कारल्याचा पक्का तणावा जवळून पाहिला तर त्याचा अर्धा पीळ एका दिशेने आणि अर्धा उलट दिशेने असतो, मधे छोटा सरळ तुकडा असतो. दोन्ही टोके अडकलेली असताना पीळ पडायचा तर तो असाच पडू शकतो. वाऱ्याने वेल ओढला जातो तेव्हा हा पीळ ताणतो आणि पुन्हा आखडतो, म्हणून धरलेला वेल झोताने तुटत नाही. पानवेल मुळांनी चिकटते, त्यामुळे पानमळ्यात शेवरी, हादगा, पांगारा अशी जिवंत झाडेच तिला लागतात.

नायलॉनची जाळी अलीकडची. ती स्वस्त, हलकी, तासाभरात बांधून होते आणि तणावे तिला चटकन धरतात. तरीही घरच्या परसासाठी ती चांगली निवड नाही. नंदुरबारच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि उन्हाने नायलॉन एक-दोन हंगामांत ठिसूळ होते. वाळलेला वेल तिच्यातून सोडवता येत नाही, म्हणून शेवटी जाळीसकट बांधावर फेकला किंवा जाळला जातो. साप आणि पाखरे तिच्यात अडकून मरतात. सुतळीचे तसे नाही. ती वेलासकट खड्ड्यात टाकली तर खत होते. तुऱ्हाट्या आणि पऱ्हाट्या खानदेशात बांधाबांधावर पडलेल्या असतात. त्या रोवून वर सुतळी ओढली की वालाला आणि काकडीला पुरेसा आधार होतो.

शहरी अंगणातल्या फुलवेलांचा प्रश्न निराळा आणि सोपा आहे. मधुमालती आणि बोगनवेल वर्षानुवर्षे जगतात आणि लाकडासारख्या जाड होतात. त्यांना लोखंडी कमान किंवा जीआय पाइपच हवा. कृष्णकमळ तणाव्यांचे, त्याला खिडकीची जाळी पुरते. जाई-जुईला ताटी पुरते, पण दर वर्षी छाटणी हवी.

२०२० साली ग्रामीण जीवनोन्नतीच्या ‘उमेद’ अभियानाने राज्यभर ‘माझी पोषण परसबाग’ मोहीम राबवली आणि कुपोषणाचे नाव ज्याच्याशी सतत जोडले जाते अशा नंदुरबारमध्ये तिला विशेष अर्थ होता. या परसबागेच्या आखणीत मधे वाफे आणि कडेच्या कुंपणावर वेल अशी रचना असते. पाड्यावरच्या घरांना ती नवी वाटली नाही, कारण कुडावर वेल चढवणे त्यांच्या अंगवळणी होते. मोहिमेने घातलेली भर म्हणजे वेलांची निवड आणि क्रम. पावसाळ्यात दोडके व गिलके, हिवाळ्यात वाल, आणि पाणी असेल तर उन्हाळ्यात काकडी व दुधी, असा एकाच आधाराचा वर्षभर वापर होऊ शकतो.

वर्षभर वापरायच्या मांडवाची देखभाल थोडीच, पण वेळेवर करावी लागते. हंगाम संपला की वाळलेले वेल लगेच उतरवतात, कारण भुरीचा त्रास त्यांच्यातूनही पुढच्या पिकाला होऊ शकतो. वैशाखात कामट्यांच्या गाठी तपासून सैल झालेल्या पुन्हा आवळतात, मेढीच्या बुडाशी वाळवीची माती दिसली तर खोदून राख किंवा चुना भरतात. ताटीचे बांबू सोडवून छपराखाली आडवे, जमिनीला न टेकता रचले तर ते आणखी दोन-तीन हंगाम वापरता येतात. तारेच्या मंडपात ताणांचे दगड पहिल्या पावसाआधी पुन्हा ठोकतात आणि झोल पडलेल्या तारा पिळून घट्ट करतात, मगच नवे बी टोचतात.