सर्च क्लस्टरचं मॉनिटरिंग: आकडे कुठून घ्यायचे आणि कुठे ठेवायचे

आजच्या एपिसोडमध्ये सेटिंगची नावं बरीच आहेत, आणि ती नुसती ऐकून लक्षात राहत नाहीत. म्हणून बोललेलं जरा नीट करून इथे लिहून ठेवतोय. सेव्ह करून ठेवा, सर्व्हरसमोर बसाल तेव्हा उघडा.

विषय आहे इलॅस्टिकसर्च. एखाद्या ॲपच्या सर्च बॉक्समध्ये तुम्ही "निळा कुर्ता" टाइप करता आणि क्षणात यादी येते, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. शाय बॅनन यांनी २०१० मध्ये पहिली आवृत्ती आणली, आतमध्ये अपाची ल्युसीन ही लायब्ररी काम करते. डेटाचे तुकडे केलेले असतात, त्यांना शार्ड म्हणतात. हे शार्ड अनेक सर्व्हरवर वाटलेले असतात. त्यातला प्रत्येक सर्व्हर म्हणजे नोड, आणि सगळे मिळून क्लस्टर.

आता प्रश्न असा, की हे क्लस्टर आजारी पडलं तर कळणार कसं? आणि त्याहून महत्त्वाचं, का पडलं ते नंतर सांगता येईल का?

रिस्टार्ट केला की पुरावा गेला

प्रत्येक नोड ९२०० पोर्टवर स्वतःची आकडेवारी देतो. पण यातले बरेचसे आकडे गाडीच्या किलोमीटर मीटरसारखे असतात, म्हणजे नोड सुरू झाल्यापासूनची एकूण बेरीज. समजा एकूण क्वेरी ५,००,००० दिसतात. यावरून आत्ता लोड किती आहे हे काहीच कळत नाही. १० सेकंदांनी पुन्हा बघितलं आणि आकडा ५,००,८०० झाला, तर फरक ८००. म्हणजे सेकंदाला ८० क्वेरी. त्याच १० सेकंदांत क्वेरीच्या एकूण वेळेत १६,००० मिलिसेकंदांची भर पडली असेल, तर एका क्वेरीला सरासरी २० मिलिसेकंद लागले.

एक बारकावा लक्षात ठेवा. ही मोजणी शार्डच्या पातळीवर होते. युजरने एकदा सर्च केलं आणि ते ५ शार्डवर गेलं, तर मीटर ५ ने पुढे जातो. त्यामुळे हा आकडा थेट "इतक्या लोकांनी सर्च केलं" असा वाचू नका.

आता खरी मेख. नोड रिस्टार्ट झाला की हा मीटर शून्यावर येतो. आणि रात्री दोन वाजता सर्च अडकलं की ऑन-कॉल माणूस पहिलं काम कोणतं करतो? रिस्टार्ट! सर्च पुन्हा चालू होतं, सगळे झोपायला जातात, आणि सकाळी पंचनामा करायला बसलं तर हातात काहीच नसतं. आधीचे आकडे कुणी दर काही सेकंदांनी टिपून ठेवले असतील तरच ते मिळतात. नंतर मॉनिटरिंग लावणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला.

टिपलेले आकडे ठेवायचे कुठे?

सराफाच्या दुकानात सीसीटीव्ही आहे, पण रेकॉर्डिंगचा डबा त्याच दुकानात ठेवलाय. चोर जाताना डबाही घेऊन जातात. कॅमेरा असून उपयोग काय?

इलॅस्टिकसर्चची जुनी पद्धत साधारण अशीच होती. नोड स्वतःच स्वतःचे आकडे गोळा करायचा आणि वेगळं काही सांगितलं नाही तर त्याच क्लस्टरमध्ये साठवायचा. क्लस्टर ठीक असेल तोवर छान. पण तेच कोलमडलं तर ग्राफसुद्धा उघडत नाहीत, आणि नेमके तेव्हाच ते हवे असतात. शिवाय आधीच दमलेल्या नोडवर स्वतःची नाडी मोजायचं कामही पडतं. ही आतून गोळा करायची पद्धत ७.१६ आवृत्तीपासून कालबाह्य ठरवली आहे.

आता शिफारस आहे ती अशी: आकडे गोळा करायला बाहेरचा छोटा प्रोग्राम, म्हणजे मेट्रिकबीट, आणि ते साठवायला वेगळं मॉनिटरिंग क्लस्टर. लहान टीमला "वेगळं क्लस्टर" ऐकून धडकी भरते, पण सुरुवातीला एका नोडचंही चालतं. फक्त ते वेगळ्या मशीनवर हवं.

सेटअप, क्रमाने

पहिलं: मेट्रिकबीट कुठे बसवायचं ते ठरवा. दोन पर्याय आहेत. एक, सगळ्या क्लस्टरसाठी एकच मेट्रिकबीट. त्यात स्कोप "क्लस्टर" ठेवायचा आणि होस्टमध्ये लोड बॅलन्सरचा पत्ता द्यायचा, जो मास्टर होऊ न शकणाऱ्या नोडकडे रिक्वेस्ट पाठवतो. शक्य असेल तर हाच पर्याय घ्या. दोन, प्रत्येक नोडवर एकेक मेट्रिकबीट आणि स्कोप "नोड", जो डिफॉल्ट आहे. यात एकही नोड सोडू नका, सोडलात तर काही आकडे येणारच नाहीत. आणि या पद्धतीत बराचसा भार निवडून आलेल्या मास्टर नोडवर पडतो, त्याला तेवढी ताकद द्या.

दुसरं: मेट्रिकबीटमध्ये "इलॅस्टिकसर्च-एक्सपॅक" नावाचं मॉड्यूल इनेबल करा. त्याची फाइल मॉड्यूल्सच्या फोल्डरमध्ये मिळेल. त्यात होस्टचा पत्ता आणि पीरियड भरा. पीरियड सहसा १० सेकंद असतो.

तिसरं: युजर. कृपा करून इथे सुपरयुजरचा पासवर्ड टाकू नका. आकडे वाचायला "रिमोट मॉनिटरिंग कलेक्टर" हा रोल पुरतो, आणि मॉनिटरिंग क्लस्टरमध्ये लिहायला "रिमोट मॉनिटरिंग एजंट". पासवर्ड फाइलमध्ये उघडा लिहिण्यापेक्षा मेट्रिकबीटच्या कीस्टोअरमध्ये ठेवा. ती फाइल उद्या गिटमध्ये गेली तरी पासवर्ड बाहेर जाणार नाही.

चौथं: आउटपुटमध्ये मॉनिटरिंग क्लस्टरचा पत्ता द्या. घाईत इथे मूळ क्लस्टरचाच पत्ता राहून जाऊ शकतो, आणि मग सीसीटीव्हीचा डबा परत दुकानातच! मेट्रिकबीटची "टेस्ट कॉन्फिग" आणि "टेस्ट आउटपुट" या दोन्ही कमांड चालवून बघा, मगच सर्व्हिस सुरू करा.

पाचवं: किबानामध्ये स्टॅक मॉनिटरिंग उघडा. आकडे यायला लागले की मूळ क्लस्टरवरचं जुनं, आतलं कलेक्शन बंद करा. नाहीतर तेच काम दोनदा होत राहील.

जाता जाता: सगळ्या मशीनची घड्याळं एकमेकांशी जुळलेली हवीत. साठवलेली वेळ यूटीसी असते आणि किबाना ती ब्राउझरच्या वेळेत दाखवतो. लॉग वाचताना साडेपाच तासांचा हा फरक विसरलात तर भलत्याच वेळेचा ग्राफ तपासत बसाल.

डिस्कचा हिशोब

दर १० सेकंदांनी म्हणजे दिवसाला ८,६४० वेळा. प्रत्येक वेळी नोड, इंडेक्स, शार्ड यांच्या नोंदी येतात. शार्ड जास्त असतील तर मॉनिटरिंगचा डेटाही फुगतो. पीरियड ३० सेकंद केला तर हीच संख्या २,८८० होते. पण मग १५ सेकंदांचा झटका ग्राफमध्ये सरासरीत विरून जातो. जुना डेटा किती दिवसांनी उडवायचा ते लाइफसायकल पॉलिसीत पहिल्याच दिवशी ठरवा.

बघायचं काय?

ग्राफ ढीगभर असतात. सुरुवातीला हे चार पुरेत.

रंग: हिरवा म्हणजे सगळं जागेवर. पिवळा म्हणजे मूळ शार्ड ठीक, पण एखादी प्रत कुठेच लागलेली नाही. लाल म्हणजे एखादा मूळ शार्डच जागेवर नाही, डेटाचा काही भाग सर्चमध्ये येत नाही. एकाच नोडच्या क्लस्टरमध्ये इंडेक्सची एक प्रत मागितली असेल तर तो पिवळाच राहणार, कारण प्रत ठेवायला दुसरा नोडच नाही.

डिस्क: डिफॉल्ट मर्यादा ८५, ९० आणि ९५ टक्के. ८५ ला त्या नोडवर नवे शार्ड येणं थांबतं, ९० ला असलेले शार्ड दुसरीकडे हलवायला सुरुवात होते, ९५ ला त्या नोडवर शार्ड असलेल्या इंडेक्समध्ये लिहिणं बंद होतं. हे लवकर लक्षात येत नाही, कारण सर्च चालूच असतं. फक्त दुकानदाराने टाकलेला नवा माल कुणालाच दिसत नाही.

हीप मेमरी: ग्राफ करवतीच्या दातांसारखा वरखाली होतो, तो नॉर्मल आहे. शेंड्यांकडे बघून घाबरू नका, दऱ्या बघा. प्रत्येक साफसफाईनंतरचा खालचा बिंदू दिवसेंदिवस वर सरकत असेल, तर संकट येतंय.

रिजेक्शन: सर्चच्या रांगेची डिफॉल्ट लांबी १,०००. रांग भरली की पुढची रिक्वेस्ट ४२९ कोड देऊन परत पाठवली जाते. हाही एकूण बेरजेचाच आकडा, म्हणून फरक बघा.

आणि मॉनिटरिंगच बंद पडलं तर?

ग्राफ शांत दिसतोय याचे दोन अर्थ होतात: सगळं ठीक आहे, किंवा आकडे येणंच थांबलंय. किबानामध्ये "मिसिंग मॉनिटरिंग डेटा" नावाचा अलर्ट आहे, तो आधी लावा. बाकीचे नंतर.

आता एक गृहपाठ. टेस्ट क्लस्टरवर हे सगळं लावा, एक नोड मुद्दाम बंद करा, पुन्हा चालू करा, आणि बंद पडायच्या आधीच्या पाच मिनिटांत त्या नोडवर काय चाललं होतं ते फक्त ग्राफवरून सांगून बघा. सांगता आलं, तर सेटअप झाला. नाही आलं, तर काय अडलं ते कमेंटमध्ये लिहा, पुढच्या एपिसोडमध्ये तेच घेऊ. भेटूच!