धोकटीतला जुना वस्तरा

असोदे म्हटले की १८८० साली तिथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी आठवतात. जात्याला, शेताला त्यांच्या ओव्यांनी कायमची जागा दिली. न्हाव्याच्या धोकटीला मात्र तशी जागा मिळाली नाही. बलुतेदारी संपली, दुकानांत बदलत्या पात्याचे वस्तरे आले आणि खळ्यावरच्या बलुत्यावर वर्षभर गावाच्या दाढ्या करणारे अस्सल वस्तरे भंगारात गेले. असा वस्तरा हाती आला, तर तो आधी वाचावा, मग घासावा.

वाचायचे ते पाते जिथे मुठीशी निमुळते होते, तिथल्या ठशावर. बहुतेकदा तिथे इंग्लंडमधले शेफील्ड किंवा जर्मनीतले झोलिंगेन असते. परका माल इंग्लिश म्हणून खपू नये यासाठी ब्रिटनने १८८७ साली कायदा केला. 'मेड इन जर्मनी' ही अक्षरे त्यानंतर रुळली. 'वेस्ट जर्मनी' असेल, तर वस्तरा १९४९ नंतरचा. मूठ हस्तिदंती असेल, तर व्यवहारात पडू नये. हस्तिदंताची खरेदी-विक्री आपल्याकडे कायद्याने बंद आहे. मूठ सेल्युलॉइडची असेल, तर ती कुजताना आम्लाची वाफ सोडते आणि पाते आतून गंजते. अशी मूठ वेगळी करावी.

घेताना पाते उजेडात धरावे. वरवरचा तांबूस गंज निघतो. धारेपाशी पडलेले काळे खड्डे मात्र जात नाहीत. केसाएवढी चीर दिसली, तर तो वस्तरा केवळ पाहण्यापुरता.

गंज काढायला तेल, बारीक पॉलिश पेपर आणि धीर पुरे. विजेच्या चाकावर पाते धरू नये. कडक केलेल्या पोलादाला ठरावीक उष्णतेपर्यंत पुन्हा तापवून चिवटपणा आणलेला असतो. चाकावर पाते त्याहून अधिक तापते आणि धारेवर निळी झाक आली, की पाणी उतरले असे समजावे. मग धार टिकत नाही.

धार लावताना वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात. त्यामुळे कोन हाताने सांभाळावा लागत नाही. पाठीची जाडीच तो ठरवते. दगडावर धार पुढे, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे. हा क्रम उलटला, तर पट्टा कापला जातो.

म्हणूनच जुन्या पाठीवर चपटा, चकचकीत पट्टा पडलेला दिसतो. ती वर्षानुवर्षांच्या धार लावण्याची खूण. विक्रीसाठी पाते आरशासारखे करणारे लोक ठसा आणि झीज दोन्ही घालवतात. वस्तू नवी दिसते, पण ती कुठून आली आणि किती राबली, हे सांगणारे काही उरत नाही.

आणि वस्तऱ्याला सांगण्यासारखे बरेच आहे. याच हत्याराने विधवांचे केशवपन होई. १८९० साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि हे काम आपण करणार नाही, असे त्यांनी ठरवले. रूढी मोडण्याचे भाषण अनेकांनी केले. येथे ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, तोही पोटाची मिळकत पणाला लावून.

जुना वस्तरा दुरुस्त करताना म्हणून गंज काढावा, धार लावावी, तेलाचा हात फिरवावा. ठसा आणि पाठीवरची झीज तशीच राहू द्यावी.